ताज्या बर्फात स्नोमोबाइल गुदमरते? आधी इनटेक पाहा, जेटला हात लावू नका

सकाळी पार्किंगमध्ये गाडी पहिल्या दमात सुरू होते. दाबून घट्ट केलेल्या ट्रेलवर पंधरा-वीस किलोमीटर सुरळीत पळते. वर पोचून कमरेएवढ्या ताज्या बर्फात शिरलं की पाच-दहा मिनिटांत पिकअप मरतो. अंगठ्याने थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण दाबला तरी आरपीएम चढत नाहीत, इंजिन भकभकतं आणि नेमकी चढावर गाडी बसते. बॉनेट उघडून इकडेतिकडे पाहावं, काही सापडू नये, आणि दहा मिनिटांनी सुरू केल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी धावावी.

हे वर्णन तुमच्या गाडीचं असेल, आणि कंपनीचा मूळ एअरबॉक्स (इंजिनाकडे जाणारी हवा ज्यातून येते तो डबा) काढून तिला जास्त हवा ओढणारा दुसरा इनटेक, म्हणजे हवा आत घेणारी वाट, बसवलेला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मी मूळचा कराडचा, गेली चौदा वर्षं कॅनडातल्या कॅलगरीत राहतो. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा तरी ट्रान्स-कॅनडा हायवेने रॉजर्स पास ओलांडून रेव्हलस्टोकला जातो आणि तिथल्या डोंगरांत स्लेड चालवतो. इकडे स्नोमोबाइलला सगळे स्लेडच म्हणतात. गुलमर्गला पर्यटकांना फिरवून आणतात ती गाडी याच जातीची, पण इकडच्या डोंगरी स्लेडचा पट्टा लांब असतो आणि ती खोल भुसभुशीत बर्फासाठीच घडवलेली असते. माझ्या स्वतःच्या तीन गाड्यांवर आणि मित्रांच्या कितीतरी गाड्यांवर मी हा एकच दोष पुन्हा पुन्हा काढला आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, कारण यात चूक झाली तर पिस्टन जातो. बर्फामुळे झालेला दोष इंधन कमी करून दुरुस्त करू नका.

माझ्या एका मित्राने हीच तक्रार घेऊन कार्ब्युरेटरची गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे प्लग काढले, ते काळे आणि ओले होते. म्हणजे मिश्रण रिच, हवेच्या मानाने इंधन जास्त. त्यांनी लहान जेट (इंधन मोजून सोडणाऱ्या, बारीक भोकाच्या तोट्या) घातले. पुढच्या बर्फाळ शनिवारी गाडी खरोखर बरी चालली. त्यानंतरच्या आठवड्यात आकाश निरभ्र, तापमान उणे वीस, ट्रेल दगडासारखी कडक. पूर्ण थ्रॉटलवर चार किलोमीटर गेल्यावर इंजिन जागीच आवळलं. उघडून पाहिलं तर एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनला भोक पडलेलं.

कारण सरळ आहे. इनटेकच्या तोंडावरच्या जाळीवर बर्फ साचला की हवा कमी येते, इंधन मात्र तेवढंच येतं. म्हणून मिश्रण रिच होतं आणि प्लग काळे पडतात. लहान जेट घातला की बर्फ साचलेला असेपर्यंत हिशोब जुळतो. जाळी मोकळी झाली की हवा पूर्ण येते आणि इंधन कमी पडतं. त्यात थंडी. उणे वीसची हवा अधिक वीसच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के दाट असते, तिला इंधन आणखी जास्त लागतं. अशा लीन, म्हणजे इंधन कमी पडलेल्या, मिश्रणाने पिस्टनचा माथा वितळतो. जेट ठरवायचा तो उंची आणि तापमान पाहून, जाळीवरचा बर्फ पाहून नाही.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्याही यातून सुटत नाहीत. बहुतेक टू-स्ट्रोक इंजेक्शन प्रणाली थ्रॉटल किती उघडा आहे, आरपीएम किती आहेत आणि बाहेरच्या हवेचा दाब व तापमान काय आहे यांवरून इंधन मोजतात. जाळी बर्फाने बुजली आहे हे संगणकाला कळत नाही. तो पूर्ण हवेच्या हिशोबाने इंधन देत राहतो.

लक्षणं नीट ओळखा

इनटेकमध्ये बर्फ अडकल्याचं पहिलं लक्षण म्हणजे दोष फक्त ताज्या, उडणाऱ्या बर्फात दिसतो. कडक ट्रेलवर कधीच नाही. दुसरं, आधी मार खातो तो पूर्ण थ्रॉटल. आयडलिंग आणि अर्धा थ्रॉटल बराच वेळ ठीक राहतात, कारण तेवढी हवा अजून मिळत असते. एरवी ८,००० आरपीएम दाखवणारी गाडी ७,४००वर अडकते, मग ७,०००वर. तिसरं, थांबल्यावर सुधारते, कारण इंजिनाच्या उबेने जाळीवरचा बर्फ वितळतो. पण प्रत्येक वेळी थोडी कमी सुधारते. वितळलेलं पाणी जाळीतच राहतं आणि गाडी निघाली की त्याचा बर्फ होतो. तो काच झालेला कडक बर्फ असतो, झटकून पडत नाही. चौथं, दुसऱ्या स्लेडच्या मागोमाग चालताना त्रास वाढतो.

याच्या जवळची पण वेगळी लक्षणंही सांगतो, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. आरपीएम नेहमीपेक्षा जास्त चढतात पण गाडी पुढे जात नाही, तर ड्राइव्ह बेल्ट ओला होऊन घसरतो आहे. कडक ट्रेलवरही तेच होतं, तर प्लग, इंधन किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहा. गाडी बराच वेळ चालून हळूहळू मरते आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा सुस्कारा येतो, तर टाकीत हवा जाऊ देणारी व्हेंटची नळी बर्फाने बंद झाली आहे. हा शेवटचा दोष मी दोन वेळा इनटेकचा समजलो होतो. टाकीचं झाकण उघडून पाहायला पाच सेकंद लागतात, म्हणून आता आधी तेच पाहतो.

मूळ डब्याचं काम

स्लेडमध्ये मोटरसायकलसारखा कागदी फिल्टर सहसा नसतो. बर्फाच्छादित जमिनीवर धूळ नसते, आणि कागद ओला होऊन गोठला की हवा पूर्ण बंद. त्याऐवजी कंपनी मोठा प्लास्टिकचा डबा देते. त्यात हवा शिरली की तिचा वेग कमी होतो, सोबत आलेले बर्फाचे कण खाली पडतात, वितळतात आणि तळाच्या छिद्रातून पाणी निघून जातं. इनटेकचा आवाजही तो दाबतो. हा डबा अवजड आणि बावळट दिसतो, पण काम फार हुशारीने करतो.

बाहेरचे इनटेक हा डबा काढून टाकतात किंवा त्याचं तोंड मोठं करतात. हवा जास्त येते, आवाज खुलतो, थोडी ताकद वाढते. पण हवा शांत करणारी ती पोकळी गेलेली असते. आता बर्फ अडवण्याचं सगळं काम एका जाळीवर आणि तिच्या कडांवर येतं. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीतून निघतात.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी थ्रॉटल, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. आत शिरलेला बर्फ थांब्याच्या वेळी गरम कार्ब्युरेटरवर वितळतो आणि पुन्हा निघाल्यावर स्लाइडभोवती (हवा कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या झडपेभोवती) गोठतो. इंधनाची वाफ होताना तिथली उष्णता ओढली जाते, म्हणून बाहेर फारशी थंडी नसतानाही हे होतं. मग अंगठा सोडला तरी थ्रॉटल उघडाच राहतो. प्रत्येक थांब्यानंतर, इंजिन सुरू करण्याआधी, अंगठ्याचा लिव्हर पूर्ण दाबून सोडा. तो टक्‌कन परत आला पाहिजे. रेंगाळला तर सुरू करू नका. बॉनेट उघडून स्लाइड, किंवा इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडी, मोकळी करा, पुन्हा दाबून पाहा. टेदरची दोरी (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी) अंगावर अडकवलेली असू द्या आणि किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, हाताने न पाहता दाबता येतो ना याचा सराव ठेवा. थ्रॉटल एकाच दिवसात दुसऱ्यांदा अडकला तर त्या दिवसाची सवारी संपली असं समजा. ती गाडी बंद करून ओढत खाली न्या.

आता बॉनेटवरून नुसती नजर फिरवा. त्रास सुरू झाला की लगेच थांबा, पण बॉनेट उघडण्याआधी त्यावरचे व्हेंट, म्हणजे जाळी बसवलेली हवेची तोंडं, पाहा. बर्फ सगळ्या जाळीवर सारखा आहे की एका कोपऱ्यात? मोकळा आहे की काच झालेला? फोटो काढा. घरी पोचेपर्यंत सगळं वितळलेलं असतं आणि पुरावा उरत नाही. मोकळा बर्फ मऊ ब्रशने किंवा हातमोज्याने झटका. स्क्रूड्रायव्हरने टोचू नका, जाळीचे धागे तुटतात. थर्मासमधलं गरम पाणी ओतण्याचा मोहही टाळा, दोन मिनिटांत त्याची काच होते.

थांबायचं कुठे, हेही यात आलं. मोठ्या उताराच्या पायथ्याशी, हिमस्खलनाच्या वाटेवर बॉनेट उघडून उभं राहू नका. गाडी अर्ध्या ताकदीने चालत असली तरी झाडीत किंवा सपाटीवर नेऊन मगच थांबा. निघण्यापूर्वी ॲव्हलांच कॅनडाचा त्या भागाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचा. या संस्थेचं कार्यालय रेव्हलस्टोकमध्येच आहे. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात टोचून पाहायची लांब काठी) आणि फावडं अंगावर हवं, गाडीवर बांधलेलं नको. चढावर दम तोडणारी गाडी ही नुसती गैरसोय नाही. अर्ध्या चढावर अडकलेला माणूस आणि त्याला सोडवायला वर जाणारा मित्र, दोघंही त्याच उतारावर असतात.

पुढची फुकट गोष्ट म्हणजे गाडी थंड होऊ देणं. उबदार गॅरेजमधून किंवा बंद ट्रेलरमधून काढून थेट ताज्या बर्फात घातली, तर कोमट जाळीवर पडलेला पहिला बर्फ वितळतो, भिजवतो आणि गोठतो. त्यावर मग सगळं चिकटतं. मी पोचल्याबरोबर गाडी उतरवून बाहेर सावलीत ठेवतो. बूट, जॅकेट, चहा होईपर्यंत अर्धा तास जातो आणि जाळी बाहेरच्या तापमानाला येते. कोरडा भुसभुशीत बर्फ थंड जाळीवर चिकटत नाही, वाऱ्याने उडून जातो.

रेव्हलस्टोकच्या बाजूला याचा एक खास प्रकार दिसतो. गाव जेमतेम ४८० मीटरवर, स्लेडची मैदानं त्याच्या दीड हजार मीटर वर. खाली पार्किंगमध्ये तापमान शून्याच्या आसपास, बर्फ चिकट आणि ओला. वर उणे दहा-बारा, बर्फ कोरडा. खालच्या ट्रेलवर पुढच्या गाडीच्या पट्ट्याने उडवलेला ओला चिखलबर्फ जाळी भिजवतो आणि वर पोचेपर्यंत ती गोठलेली असते. लोक वरच्या पावडरला, म्हणजे कोरड्या भुसभुशीत बर्फाला, दोष देतात. खरं नुकसान खाली झालेलं असतं. म्हणून पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्ये पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, आणि बर्फाची जात बदलते तिथे एकदा थांबून जाळी झटका.

उघड्या ट्रेलरवर गाडी नेत असाल तर तिला झाकण घाला. हायवेवर ताशी शंभरच्या वेगाने चार-पाच तास मीठमिश्रित ओला बर्फ व्हेंटमध्ये ठासला जातो. मग सकाळी पहिल्या किलोमीटरलाच दम लागतो आणि माणूस कार्ब्युरेटर उघडत बसतो. जाळीपुरती बांधलेली साधी ताडपत्रीही चालते, फक्त निघताना ती काढायला विसरू नका.

जाळी: थोड्या पैशांची दुरुस्ती

इनटेकवर दोन प्रकारची अडवणूक दिसते, फोम किंवा पाणी न शोषणारी बारीक विणीची जाळी. फोमच्या पोकळ्यांत पाणी धरून राहतं आणि गोठलं की त्याची वीट होते. विणलेल्या जाळीवर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात. खोल बर्फासाठी माझं मत स्पष्टपणे जाळीच्या बाजूने आहे. फोमच असेल तर मोटरसायकलच्या सवयीने त्याला तेल लावू नका. तेलकट फोमला बर्फ बिलगतो.

जाळी जुनी असेल तर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब गोल राहून घसरला तर ठीक. पसरून धाग्यांत मुरला तर तिचा जलरोधक थर गेला आहे. कधी कधी तो थर नसतो, नुसता तेलाचा आणि धुराचा मळ असतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण लावून धुवा, पूर्ण वाळवा, पुन्हा थेंब टाकून पाहा. तरीही मुरला तर जाळी बदला.

चिकटपट्टीच्या जाळ्या गारठलेल्या गॅरेजमध्ये लावल्या तर पहिल्याच सवारीत कडा सुटतात. गाडी आणि जाळी दोन्ही खोलीच्या तापमानाला आणा, प्लास्टिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जाळी ताणून लावा आणि रात्रभर तशीच राहू द्या. ताणून लावण्याला कारण आहे. सैल जाळी हवेच्या ओढीने आत खळगा करते आणि त्या खळग्यात बर्फ साचतो. ताणलेली जाळी इंजिनाच्या कंपनाने स्वतःहून बर्फ झटकते.

काही जण व्हेंटवर नायलॉनचा पायमोजा ताणून बसवतात. कोरड्या थंडीत तो तासभर चालतो. ओल्या बर्फात त्यावर एकसंध पापडी धरते आणि गाडी आधीपेक्षा लवकर मरते. मी तो वापरत नाही.

आता मुख्य मुद्दा, क्षेत्रफळ. ढोबळ हिशोब करू. ८०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन ८,००० आरपीएमला मिनिटाला साधारण ६,४०० लिटर हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० लिटर. ही हवा ५ बाय ६ सेंटिमीटरच्या दोन व्हेंटमधून येत असेल, म्हणजे एकूण ६० चौरस सेंटिमीटरमधून, तर ती सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने आत घुसते. बर्फाचे कण हवेतून खाली पडतात सेकंदाला साधारण एक मीटरने. इतक्या जोराच्या ओढीपुढे त्यांचं काही चालत नाही. ते जाळीवर जाऊन दाबले जातात आणि दाबलेलेच राहतात. तेच क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर केलं, म्हणजे २० बाय २० सेंटिमीटर, तर वेग अडीच मीटरवर येतो. बरेच कण मग जाळीपर्यंत पोचण्याआधीच बाजूला जातात, आणि अर्धी जाळी बुजली तरी इंजिनाला पुरेशी हवा मिळते. म्हणून जास्त बारीक जाळीपेक्षा जास्त मोठी जाळी घ्या. बॉनेटवर आणखी एक-दोन व्हेंट बसवण्याचा खर्च फार नसतो आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्या इथेच बऱ्या झाल्या.

फटी

जाळी नवी, मोठी, ताणलेली, तरी इनटेकच्या नळीत आतून बर्फ सापडतो, तर तो जाळीतून आलेला नाही. तो कडेने आला आहे. बॉनेट बंद होतं तिथे इनटेकच्या तोंडाभोवती फोमची सील असते. बाहेरून घेतलेल्या किटमध्ये ती बहुधा पातळ असते आणि दोन हिवाळ्यांत दबून चपटी होते.

ही फट शोधायला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे टॉर्च. रात्री गॅरेजचा दिवा बंद करा, पेटवलेला छोटा टॉर्च इनटेकच्या आत ठेवा, बॉनेट बंद करा आणि गाडीभोवती फिरा. जिथून उजेड दिसेल तिथून बर्फ शिरतो. जाळीतून उजेड येणारच, तो सोडून बाकीच्या रेघा मोजा. खडूने खुणा करा आणि बंद पेशींच्या, पाणी न शोषणाऱ्या फोमच्या पट्टीने त्या बुजवा. उघड्या पेशींचा साधा स्पंज लावू नका, तो पाणी पिऊन गोठतो.

नळी कार्ब्युरेटरला किंवा थ्रॉटल बॉडीला जोडणारी रबरी बूट (जोडनळी) आणि क्लॅम्प हाताने हलवून पाहा. थंडीत रबर कडक होऊन आकसतं. गॅरेजमध्ये घट्ट वाटलेला क्लॅम्प डोंगरावर सैल असतो. इनटेकमध्ये अजूनही एखादी पेटी असेल तर तिच्या तळाचं पाणी निघायचं छिद्र तारेने मोकळं करा. ते बंद असेल तर वितळलेलं पाणी साठतं आणि गाडी आडवी झाली की एकदम इंजिनात जातं. कराडला पुरात बुडालेल्या फरशी पुलावरून मोटरसायकल काढताना फिल्टरच्या डब्यात पाणी गेलेली इंजिनं मी लहानपणापासून पाहिली आहेत. स्लेडमध्ये तेच पाणी वरून येतं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या वाटीच्या) व्हेंटच्या बारीक नळ्याही पाहा. नवा इनटेक बसवताना त्या बरेचदा अशा जागी लोंबत राहतात की त्यांच्या तोंडात बर्फ बसतो. त्या वर, कोरड्या जागी वळवून बांधा.

तोंड कुठे आहे

समोरच्या दिशेला तोंड असलेला व्हेंट बर्फाची फुलपात्रं भरभरून आत घेतो. बॉनेटच्या वरच्या भागात, काचेच्या मागे, मागच्या बाजूला तोंड असलेला व्हेंट सगळ्यात कोरडा राहतो. पायाजवळच्या, खालच्या बाजूच्या पॅनेलमधले व्हेंट वाईट, कारण वळताना गाडी कलते तेव्हा ते बर्फात बुडतात. कुठल्या जागी किती बर्फ येतो हे पाहायला बॉनेटवर लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने लावा आणि मित्राला बाजूने चालत्या गाडीचा व्हिडिओ काढायला सांगा. जिथे धागे आत ओढले जातात आणि बर्फाचा लोटही तिथूनच जातो, ती जागा बदला.

जागा बदलणं जमत नसेल तर एक तडजोड आहे. खोल बर्फाच्या दिवशी मी बाहेरचे खालचे व्हेंट झाकून टाकतो आणि इंजिनाला काही हवा बॉनेटखालून घेऊ देतो. ती हवा गरम आणि विरळ, थोडी ताकद जाते, मिश्रण किंचित रिच होतं. पण रिच म्हणजे सुरक्षित बाजू, आणि दिवसभर सारखी मिळणारी थोडी कमी ताकद ही दहा मिनिटांच्या पूर्ण ताकदीपेक्षा डोंगरात केव्हाही चांगली. बॉनेट भोकं पाडून कापण्याआधी हा प्रयोग पुठ्ठा आणि टेपने करून पाहा.

मूळ डबा परत बसवा

इतकं करूनही दोष राहिला तर अंदाज करणं थांबवा. माळ्यावर ठेवलेला कंपनीचा एअरबॉक्स काढा आणि एका सवारीपुरता परत बसवा. दोन-तीन तासांचं काम आहे, पैसे लागत नाहीत आणि निकाल निर्विवाद मिळतो. नव्या इनटेकसाठी जेट किंवा इंधनाचा नकाशा (संगणक ज्यावरून इंधन देतो तो तक्ता) बदलला असेल तर तोही मूळ डब्याच्या हिशोबाचा करा. त्याच जातीच्या बर्फात गाडी नीट चालली तर दोष इनटेकचाच. मूळ डब्यावरही गुदमरली तर दोष दुसरीकडे आहे: इंधनातलं पाणी, टाकीचा व्हेंट, चिकटलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ओली वायरिंग.

या चाचणीनंतर माझ्या दोन मित्रांनी मूळ डबा कायमचा ठेवला. मलाही तो निर्णय पटतो. खोल बर्फात रोज फिरणाऱ्याला शेवटच्या दोन-तीन हॉर्सपॉवरपेक्षा परत घरी आणणारं इंजिन जास्त कामाचं.

बर्फ आत गेला असेल त्या संध्याकाळी

हे काम लोक टाळतात आणि वसंतात बेअरिंगला गंज सापडतो. टू-स्ट्रोकच्या क्रँक बेअरिंगला वंगण मिळतं ते आत येणाऱ्या तेलाच्या तुषारातूनच. बर्फाचं पाणी तो थर धुऊन नेतं. तशीच गाडी दोन आठवडे उभी राहिली की रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. म्हणून खाली आल्यावर गाडी मोकळ्या हवेत पूर्ण तापेपर्यंत चालवा. बंद ट्रेलरमध्ये किंवा गॅरेजमध्ये कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुढची सवारी लांब असेल तर इंजिनात फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं तेल) मारून ठेवा. बॉनेट उघडं ठेवून फोम आणि जाळ्या सुकू द्या.

कुठे थांबायचं

काही गोष्टी मी स्वतः करत नाही आणि तुम्हीही करू नका.

इंजिनात एकदम पाणी गेलं, सुरू करायचा दोर ओढताना तो मध्येच अडतो, तर जोर लावू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी ओढून खाली आणा आणि मेकॅनिककडे द्या. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, खालून गुरगुर किंवा खडखड येत असेल, प्लगवर चांदीसारखे बारीक ठिपके दिसत असतील, तर तीच गोष्ट. ते ठिपके वितळलेल्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्यानंतर एक मिनिटही इंजिन चालवू नका.

सगळं मोकळं करूनही थ्रॉटल पुन्हा अडकत असेल तर केबल, स्प्रिंग आणि कार्ब्युरेटरला कूलंटने ऊब देणारी नळी हे सगळं जाणकाराने उघडून पाहायला हवं. इंधनाचा नकाशा किंवा जेट बदलायचे असतील तर तेही अशा माणसाकडून, ज्याला तुमची उंची माहीत आहे. २,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २० टक्के कमी असतो, आणि कॅलगरीच्या १,००० मीटरवर बरोबर बसवलेली गाडी रेव्हलस्टोकच्या माथ्यावर वेगळी वागते. गाडी हमीत असेल तर काहीही कापण्याआधी डीलरला विचारा. इनटेक बदलल्यामुळे हमी जाऊ शकते.

मेकॅनिककडे जाताना नुसतं ‘पिकअप नाही’ असं सांगू नका. कोणत्या तापमानाला, किती उंचीवर, कोरड्या की ओल्या बर्फात, किती मिनिटांनी आणि किती आरपीएम पडले हे लिहून न्या. जाळीचा डोंगरावर काढलेला फोटो दाखवा, काढलेले प्लग पुसून न टाकता तसेच द्या, आणि आत्ता बसवलेल्या जेटचे आकडे सांगा. त्याने पहिल्या पाच मिनिटांत, इनटेक न पाहता, लहान जेट सुचवले तर गाडी परत ट्रेलरवर चढवा आणि दुसरा मेकॅनिक शोधा.